लेथवर हत्यार पुन्हापुन्हा लाकडात रुतते : आधी हत्याराची निवड तपासा

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, नव्याने कातकाम सुरू करणाऱ्यांची एक तक्रार जवळजवळ ठरलेली असते. लाटणे किंवा रवीचा दांडा बऱ्यापैकी कातून होतो, पण वाडगा किंवा पोळपाट लावला की काही क्षणांत हत्यार लाकडात रुतते, मोठा आवाज होऊन हाताला गचका बसतो, आणि लाकडावर खोल खाच पडते किंवा तुकडा चकमधून, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या जबड्यातून, सुटून उडतो. वेग कमी करून पाहिला जातो, मूठ अधिक घट्ट धरली जाते, तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच घडते. यावर बहुतेक वेळा ‘हात बसला की होईल’ असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. रुतणे अधूनमधून होत असेल तर हात बसण्याची वाट पाहण्यास हरकत नाही. परंतु ते एकाच प्रकारच्या कामात, एकाच ठिकाणी आणि जवळजवळ दर वेळी होत असेल, तर त्या कामासाठी ते हत्यार घडवलेलेच नाही, अशी शंका आधी घ्यावी.

या शंकेला कारण आहे. सुरुवातीला बहुतेक जण सहा किंवा आठ हत्यारांचा तयार संच घेतात. अशा संचात मुख्यतः दांडे, खांब, पाय अशा लांबट कामांची हत्यारे असतात. वाडग्याचे खरे गाउज, म्हणजे पन्हळीसारखे पाते असलेले हत्यार, त्यात अनेकदा नसतेच. विकत घेणाऱ्याला मात्र पन्हळ असलेली सगळी हत्यारे सारखीच दिसतात, आणि त्यांतले सर्वांत मोठे हत्यार मोठ्या कामासाठी असेल, असा त्याचा साहजिक समज होतो.

लाटण्याच्या तुकड्यात लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतात. हिराच्या झाडूची जुडी आडवी धरून फिरवावी तशी ही रचना असते. धार नेहमी तंतूंच्या कडेवरून जाते आणि प्रत्येक फेऱ्यात तिला सारखाच विरोध होतो. पोळपाट आणि वाडग्याचे तसे नाही. तेथे फळी अक्षाला काटकोनात बसवलेली असते, त्यामुळे एकाच फेऱ्यात धारेसमोर दोनदा तंतूंची बाजू येते आणि दोनदा त्यांची कापलेली टोके येतात. लेथ मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ३३ वेळा टोकांचा कठीण पट्टा धारेखालून जातो. जे हत्यार सारख्या विरोधासाठी बनवले आहे, त्याला हा बदलता मार सोसत नाही, आणि धरणाऱ्याच्या हातालाही तो सावरता येत नाही.

दुसरी गोष्ट आधाराची. लाकूड धारेला खाली दाबते. हा दाब टूल रेस्टवर, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीवर, टेकलेल्या भागाच्या थेट वर पडला, तर रेस्ट तो झेलतो. दाब टेकलेल्या भागाच्या बाजूला पडला, तर हत्यार स्वतःभोवती पिळले जाते, धारेचा आणखी मोठा भाग लाकडात जातो, तो आणखी ओढला जातो, आणि हे सगळे डोळ्याला दिसण्याआधीच होऊन जाते. म्हणून रुतल्यानंतर ‘मी काहीच केले नव्हते’ असे वाटणे अगदी प्रामाणिक असते.

खाचेकडे नीट पाहावे

रुतल्यावर तुकडा लगेच साफ करण्याची घाई करू नये. खाच कोठे आणि कशी पडली आहे, यावरून हत्यारातला दोष बहुतेक वेळा ओळखता येतो.

दांड्यावर मळसूत्रासारखी फिरत गेलेली खाच असेल, तर ती बहुधा स्क्यूने पाडलेली असते. स्क्यूची धार तिरकी असते. तिचे एक टोक लांब आणि एक आखूड असते. पृष्ठभाग गुळगुळीत करताना लांब टोक वर ठेवावे आणि कापणारा बिंदू धारेच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवावा. तो वर सरकला की वरचे टोक लाकडात शिरते आणि हत्यार स्क्रूप्रमाणे दांड्यावरून पळते. येथे निवडीचा प्रश्न रुंदीचा आहे. १२ मिलिमीटरच्या स्क्यूवर सुरक्षित पट्टा इतका अरुंद असतो की किंचित हललेला हातही त्याच्या बाहेर जातो. लाटण्याएवढ्या जाडीच्या कामाला १९ ते २५ मिलिमीटर रुंदीचा स्क्यू घेतल्यास चुकीला जागा उरते. अंडाकृती छेदाचे स्क्यू दुकानात देखणे दिसतात आणि हातात हलके वाटतात, परंतु ते रेस्टवर डोलतात आणि त्यांना धार लावणेही अवघड जाते. पहिल्या खरेदीसाठी सपाट पट्टीचा, कडा किंचित गोल केलेला स्क्यू बरा. स्क्यू वाडग्याला लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

वाडग्याच्या बाहेरच्या अंगावर एकच खोल जखम, सोबत लेथ थांबेल असा धक्का, आणि कधी कधी हत्यारच वाकलेले, अशी स्थिती असेल, तर हातात स्पिंडल रफिंग गाउज होते असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. हे गाउज रुंद, अर्धगोल आणि भारदस्त दिसते, आणि चौकोनी तुकडा गोल करण्यात ते सर्वोत्तम आहे. पण ते सहसा सपाट पट्टी वाकवून केलेले असते आणि मुठीत जाताना त्याची शेपटी अचानक बारीक होते. दांड्याच्या कामात ती शेपटी पुरते, कारण विरोध सारखा असतो आणि हत्यार रेस्टच्या बाहेर फारसे जात नाही. वाडग्याच्या कामात तंतूंची टोके रुंद धारेच्या एका कोपऱ्याला पकडतात, आणि सगळा मार त्या बारीक शेपटीवर येतो. ती मुठीजवळ मोडली तर पोलादाचा जड तुकडा हवेत उडतो. तेव्हा या बाबतीत ‘सांभाळून वापरले तर चालते’ हा सल्ला ऐकू नये. वाडग्याचे गाउज अखंड गोल सळईत खोल पन्हळ कोरून केलेले असते आणि मुठीत जाईपर्यंत त्याची जाडी कमी होत नाही. दुकानात ओळखण्याची खूण हीच : पट्टी आणि बारीक शेपटी दिसली तर दांड्यासाठी, गोल सळई आणि खोल पन्हळ दिसली तर वाडग्यासाठी. उथळ पन्हळीचे आणि गोल सळईचे तिसरे गाउज मणी, खोबण्या असे दांड्यावरचे नक्षीकाम करण्यासाठी असते. ते वाडग्याला लावल्यास मोडण्याची शक्यता कमी, पण थरथर आणि रुतणे ठरलेले.

वाडगा आतून पोकळ करायला घेताना काठावरून बाहेर घसरत गेलेली वळणदार रेघ दिसत असेल, तर निवड बरोबर असूनही प्रवेश चुकतो आहे. गाउज काम करते ते धारेमागच्या उताराच्या, म्हणजे बेव्हलच्या, आधारावर. लाकडात शिरण्याच्या पहिल्या क्षणी बेव्हलला टेकायला काहीच नसते, आणि पन्हळ वरच्या बाजूला उघडी असेल तर हत्यार काठाकडे फेकले जाते. पन्हळ घड्याळातल्या तीनच्या दिशेला, म्हणजे जवळजवळ आडवी, ठेवून आत शिरावे आणि धार लाकडात बसली की मगच ती थोडी वर उघडावी. पार्टिंग टूलच्या, म्हणजे तुकडा कापून वेगळा करण्याच्या अरुंद हत्याराच्या, टोकाने आधी एक उथळ खाच करून ठेवली तर बेव्हलला टेकायला कड मिळते; नवख्याने तसे करण्यात काहीही कमीपणा नाही.

तळाजवळ, जेथे भिंत वळून बुडाला मिळते, तेथेच दर वेळी गचका बसत असेल, तर ती बेव्हलच्या कोनाची तक्रार आहे. ४० अंशांच्या आसपास घासलेले गाउज बाहेरच्या अंगाला आणि आतल्या भिंतीला उत्तम चालते, पण खोल वाडग्याच्या वळणावर पोहोचले की दांडा काठाला टेकतो, मूठ आणखी वळवता येत नाही, बेव्हल लाकडावरून उचलला जातो आणि निराधार धार रुतते. उपाय म्हणजे ६० अंशांच्या आसपास घासलेले दुसरे गाउज. बेव्हलची मागची कडही घासून काढावी, म्हणजे ते आखूड वळणातही टेकून राहते. एकच हत्यार आळीपाळीने दोन कोनांत घासत बसणे हे पोलादाचे आणि वेळेचे नुकसान आहे.

स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडण्याचे हत्यार, रुतत असेल तर प्रथम रेस्टची उंची पाहावी. स्क्रेपर बेव्हल टेकवून वापरत नाहीत. त्याची मूठ धारेपेक्षा किंचित वर असावी, म्हणजे धार खाली झुकलेली राहते. वाडग्याच्या आत धार मध्यरेषेच्या, म्हणजे लेथच्या अक्षाच्या उंचीच्या, थोडी वर ठेवावी आणि बाहेरच्या अंगाला थोडी खाली, कारण दाबाने हत्यार वाकले तर दोन्ही ठिकाणी ते लाकडापासून दूर जाते. उलट केले तर तेच वाकणे धारेला आत ढकलते. जाडीही पाहावी. संचातले स्क्रेपर अनेकदा ६ मिलिमीटर जाडीचे असतात आणि रेस्टपासून थोडे दूर गेले की झंकारू लागतात. वाडग्यासाठी १० मिलिमीटर जाडीचा, गोल नाकाचा स्क्रेपर घ्यावा, आणि एका वेळी त्याच्या धारेचा थोडाच भाग लाकडाला लागू द्यावा.

यांपैकी कोणतीही शंका पडताळण्यासाठी लेथ चालू करण्याची गरज नाही. वीजपुरवठा काढावा, हत्यार रेस्टवर नेहमीप्रमाणे धरावे आणि दुसऱ्या हाताने तुकडा सावकाश फिरवावा. बेव्हल टेकतो का, धारेचा कोणता भाग आधी लागतो, फिरवताना हत्याराला पिळा बसतो का, हे सगळे हाताला स्वच्छ कळते. रेस्टपासून धारेचे अंतरही याच वेळी मोजावे. मुठीचा मागचा हात रेस्टपासून ४० सेंटिमीटरवर आणि धार २ सेंटिमीटरवर असेल, तर हाताला वीसपट जोर मिळतो. वाडग्याच्या आत तेच अंतर १० सेंटिमीटर झाले की हा जोर चौपटीवर येतो. म्हणून आतल्या कामाला जाड सळई आणि लांब मूठ लागते, आणि सुताराची आखूड दांड्याची पटाशी, कितीही धारदार असली, तरी लेथवर आणू नये.

पोलाद आणि धार

निवड योग्य, पकड योग्य, तरी रुतणे चालूच असेल, तर धार पाहावी. बोथट हत्यार स्वतःहून कापत नाही, म्हणून धरणारा ते दाबतो. दाबलेले हत्यार एखाद्या गाठीपाशी किंवा मऊ भागात अचानक आत जाते. लाकडाचे लांब छिलके निघत नसून नुसता भुसा उडत असेल, तर गाउज बोथट झाले आहे. सागाच्या बाबतीत हे फार लवकर होते, कारण त्या लाकडात सिलिका असते. बाभूळ आणि शिसव यांचा कठीणपणा धार वेगळ्या प्रकारे खातो. सागावर काम करणाऱ्याने ‘सकाळीच तर धार लावली होती’ हा हिशेब ठेवू नये.

स्वस्त संचातली हत्यारे अनेकदा साध्या कार्बन पोलादाची असतात. त्यांना धार उत्तम येते, पण ग्राइंडरवर कड निळी पडली की तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेलेले असते आणि त्या भागाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलेले असते. निळा भाग पूर्ण घासून काढल्याखेरीज धार टिकत नाही. हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंशांपर्यंत आपला कठीणपणा राखते, त्यामुळे किंचित रंग बदलल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. मात्र तापलेले हायस्पीड स्टील पाण्यात बुडवू नये, कारण धारेला सूक्ष्म तडे जाऊ शकतात. कार्बन पोलाद मात्र घासताना वारंवार पाण्यात बुडवून थंड ठेवावे लागते. हत्यारावर कोणतीच खूण नसेल तर ठिणग्या पाहाव्यात : कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाजीप्रमाणे फुटणाऱ्या असतात, तर हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या मंद, तांबूस आणि फारशा न फुटणाऱ्या असतात. दुकानदार ही परीक्षा करू देईलच असे नाही, पण घरी असलेल्या जुन्या हत्यारांचा निवाडा तिने होतो.

जुन्या कानशीपासून स्क्रेपर करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते आणि तिचे समर्थनही हिरिरीने होते. कानस अतिशय कठीण आणि तितकीच ठिसूळ असते. पाणी योग्य रीतीने उतरवल्याशिवाय ती लेथवर वापरली तर पहिल्याच मोठ्या गचक्याला ती काचेसारखी तुटते, आणि दातांच्या रेघा तुटण्यास मदतच करतात. बचतीचा हा मार्ग वाडग्याच्या कामासाठी तरी मी नाकारीन. गाडीच्या कमानपाट्याचे पोलाद चिवट असल्याने त्यात हा धोका कमी असतो, मात्र त्याची धार लवकर जाते.

ग्राइंडरविषयी थोडेच. आपल्याकडचे साधे ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतात आणि त्यांवर राखाडी, जाडसर चाके येतात. अशा चाकावर धार भाजते. निम्म्या वेगाचा ग्राइंडर मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास निदान पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक बसवावे आणि कोन कायम ठेवणारा जिग वापरावा. दर वेळी थोड्या वेगळ्या कोनात घासलेले गाउज दर वेळी वेगळ्या ठिकाणी टेकते, आणि कालपर्यंत जमत असलेले काम आज का जमत नाही, याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

रेस्टकडेही नजर टाकावी. हायस्पीड स्टीलच्या कडा बिडाच्या रेस्टवर बारीक खाचा पाडतात. हत्यार सरकताना त्यांत अडते, झटक्याने सुटते आणि रुतते. कानशीने वरची कड सपाट करून त्यावर मेण घासले की हा दोष जातो. लेथचा वेग तपासायचा असेल तर तुकड्याचा व्यास इंचांत घेऊन त्याला फेऱ्यांनी गुणावे आणि गुणाकार ६००० ते ९००० यांच्या दरम्यान ठेवावा. १० इंची वाडग्याला म्हणजे मिनिटाला ६०० ते ९०० फेरे. तुकडा ओबडधोबड असेपर्यंत त्याहूनही कमी ठेवावे.

काय घ्यावे

ज्यांना लाटणी, पाय, देव्हाऱ्याचे कातीव खांब एवढेच करायचे आहे, त्यांना स्पिंडल रफिंग गाउज, वर सांगितलेला स्क्यू, १० मिलिमीटरचे उथळ पन्हळीचे गाउज आणि ३ मिलिमीटरचे पार्टिंग टूल पुरते. वाडग्यांसाठी एक चांगले खोल पन्हळीचे गाउज, जाड स्क्रेपर आणि तेच पार्टिंग टूल. संचातल्या आठ हत्यारांच्या पैशांत यांतली तीन चांगल्या पोलादाची येतात आणि मला तोच सौदा योग्य वाटतो.

मापाच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो. ब्रिटिश पद्धतीत वाडग्याच्या गाउजचे माप पन्हळीच्या रुंदीवरून सांगतात, अमेरिकी पद्धतीत सळईच्या व्यासावरून. त्यामुळे एकाचे ३/८ इंची गाउज दुसऱ्याच्या मते १/२ इंची असते, आणि परदेशी व्हिडिओ पाहून ऑनलाइन मागवलेले हत्यार अपेक्षेपेक्षा बारीक निघते. मागवताना सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये विचारावा. मध्यम वाडग्यांसाठी तो साधारण १२ ते १३ मिलिमीटर असावा.

राहता राहिली कार्बाइडच्या बदलत्या पात्यांची हत्यारे. ती सपाट, जमिनीला समांतर आणि मध्यरेषेवर धरायची असतात, त्यांना बेव्हल टेकवण्याची कसरत नसते आणि धार गेली की पाते फिरवून नवी कड वापरता येते. ज्याला रविवारीच लेथवर उभे राहायला मिळते, त्याने ग्राइंडर शिकण्याआधी ती घेतली तर मी त्याला परावृत्त करणार नाही. त्यांचे काम मात्र खरवडण्याचे आहे. आंब्यासारख्या लाकडात तंतूंच्या टोकांशी ती पृष्ठभाग उपटतात आणि पॉलिश पेपरवर बराच वेळ घालवावा लागतो. मोठे गोल पाते पूर्ण रुंदीने लाकडात घातले तर तेही रुतते, म्हणून पहिले पाते चौकोनी, किंचित वक्र कडेचे घ्यावे आणि शेवटचा पातळ हात शक्य असेल तेव्हा ताज्या धारेच्या गाउजने द्यावा.